घरातलं पहिलंच लग्न: थीम, रिटर्न गिफ्ट आणि रिसेप्शन नीट कसं आखावं

साखरपुडा झाला की घरात एकदम दोन कामं सुरू होतात. मुलगा-मुलगी मोबाइलवर सजावटीचे फोटो साठवायला लागतात आणि मोठी माणसं वह्या घेऊन याद्या करायला बसतात. दोघांचं आपापल्या जागी बरोबरच असतं, पण कुठून सुरुवात करायची आणि कोणतं काम कुणाच्या आधी, हे पहिल्यांदा कार्य काढणाऱ्या घराला कुणी सांगत नाही. आमच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात आणि नंतर नात्यातल्या काही कार्यांत कार्यालय, केटरर, सजावट, आहेर ही सगळी बाजू माझ्याकडे होती. त्यातून जे हाताशी आलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. डोळ्यांसमोर पुण्यातलं कार्यालयातलं लग्न आहे: सकाळी मुहूर्त, दुपारी पंगत, संध्याकाळी स्वागत समारंभ. तुमच्या गावी थोडंफार वेगळं असेल, पण क्रम हाच ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडे पाहुणा सुट्टी काढून, प्रवास करून येतो आणि दोन-तीन तास आपल्या ताब्यात असतो. ते तास त्याचे बरे गेले पाहिजेत. खर्चाचा कुठलाही निर्णय अडला, की हा पैसा पाहुण्याला जाणवणार आहे का, एवढं विचारा. बहुतेक वेळा उत्तर लगेच मिळतं.

१. आधी याद्या

थीम, रंग, स्टेज या सगळ्याच्या आधी माणसं मोजा. याद्या चार करा, एकच लांबलचक यादी नको.

पहिली यादी सकाळच्या विधींना हवीतच अशा घरच्यांची: मामा, आत्या, काका, करवल्या, कानपिळीला मुलीचा भाऊ, व्याही मंडळी. दुसरी मुहूर्ताला आणि पंगतीला येणाऱ्यांची. तिसरी फक्त संध्याकाळी येणाऱ्यांची, म्हणजे ऑफिस, सोसायटी, बाबांचे जुने सहकारी. चौथी मानपानाची: कुणाला साडी, कुणाला शर्टपीस, कुणाची ओटी भरायची. ही चौथी यादी रिटर्न गिफ्टच्या यादीत मिसळली की गोंधळ ठरलेला, म्हणून ती घरातल्या एका जाणत्या बाईच्या हाती द्या आणि तिच्या शब्दाबाहेर जाऊ नका.

याद्या माणसांच्या आणि घरांच्या अशा दोन्ही आकड्यांत ठेवा. जेवणाला माणसं लागतात, पत्रिकांना आणि भेटवस्तूंना घरं. पाचशे माणसं म्हणजे साधारण १६०-१७० घरं. हा दुसरा आकडा पुढे स्टेजच्या हिशेबातही लागणार आहे.

२. तारीख आणि कार्यालय

आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. त्यात पारंपरिक घरं लग्न धरत नाहीत. तुळशीची लग्नं लागली की मुहूर्त सुरू होतात आणि त्याच आठवड्यापासून चांगली कार्यालयं भरलेली असतात. पौष, अधिक मास, गुरू-शुक्राचा अस्त हे गुरुजींना विचारून घ्या. तुम्ही मानत नसाल, तर याच दिवसांत कार्यालय सहज मिळतं आणि भावही बोलता येतो.

कार्यालय बघायला जाताना सजलेला हॉल बघू नका. रिकाम्या दिवशी, दुपारी जा. मग या गोष्टी विचारा आणि पावतीवर लिहून घ्या:

- कार्यालय आदल्या दिवशी किती वाजता ताब्यात मिळेल? सीमांत पूजन आदल्या संध्याकाळी असेल तर हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.
- वधूपक्ष, वरपक्ष यांना खोल्या किती, गरम पाणी किती वाजेपर्यंत?
- केटरर आणि डेकोरेटर त्यांचाच घ्यावा लागतो का? बाहेरचा आणला तर वेगळी रक्कम भरावी लागते का?
- जनरेटरचं डिझेल, साफसफाई, वीज हे भाड्यात की वर? जीएसटी धरून की वेगळा?
- एका पंगतीला किती पानं बसतात?
- लिफ्ट आहे का, आणि चालू आहे का? जेवणाचा हॉल वरच्या मजल्यावर असेल तर आजी-आजोबांसाठी लिफ्ट नसलेलं कार्यालय कितीही देखणं असलं तरी सोडा.

तोंडी मिळालेली सवलत कार्याच्या दिवशी कुणालाच आठवत नाही. अनामत भरताना प्रत्येक ओळ कागदावर हवी.

३. थीम: एकच धागा, पण खरा

थीम म्हटलं की लोकांना भलामोठा सेट दिसतो. तो नको. एखादा रंग, एखादी नक्षी, एखादी कला धरा आणि ती पत्रिका, स्टेज, प्रवेशद्वार आणि भेटवस्तू एवढ्याच चार जागी दिसू द्या. जेवणाच्या टेबलापासून चपलांच्या रॅकपर्यंत ओढली की ती डोळ्यांना टोचते.

आणि धागा घरातला असू द्या. मूळ गाव कोकणातलं असेल तर सुपारीची झावळ, केळीचे खांब, आंब्याचे टाळे, अबोलीचे गजरे. घरात पैठणीचं कौतुक असेल तर पैठणीचे काठ आणि पदर बघा: नारळी काठ, आसावली वेल, मुनिया, मोरबांगडी. त्यातली एक नक्षी आणि दोन रंग उचलले की पत्रिकेपासून रांगोळीपर्यंत सगळं आपोआप जुळतं.

वारली चित्रांची थीम आता खूप घरं करतात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. ही कला मुळात लग्नाचीच आहे. डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाष्णी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्या चौकात पालघट देवी असते आणि तिच्याशिवाय लग्न लागत नाही. पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ही कला जगभर गेली. पण छापखान्यातून आपल्याकडे येतो तो बहुतेक वेळा तारपा नाचाचा गोल, आणि तो नाच सुगीचा. वारली थीम करायचीच असेल तर पालघर जिल्ह्यातल्या चित्रकाराला गाठा, त्याला लग्नाचं चित्र आहे असं सांगा, कापडावर किंवा बांबूच्या चौकटीवर काढून घ्या आणि योग्य मोबदला द्या. देवीचा चौक काढावा की नुसतं वऱ्हाड, बैलगाडी, झाडं, हेही त्यालाच विचारा, कारण तो त्यांच्या पूजेचा भाग आहे. कार्य झाल्यावर ते चित्र नव्या जोडप्याच्या घरात लावता येतं. फ्लेक्सवर छापलेलं चित्र मात्र दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातं.

स्टेजमागे लावायला आजीच्या नऊवारी साड्या वापरल्या तर फार सुंदर दिसतं. एक नऊवार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड, त्यामुळे चार-पाच साड्यांत मधलं सगळं नेपथ्य भरतं. इथे एक धोका आहे. डेकोरेटरची मुलं घाईत असतात आणि त्यांच्या हातात स्टेपलर असतो. जुनं रेशीम पिनेच्या एका टोच्याने उसवत जातं. म्हणून साड्या घरच्या माणसाच्या देखरेखीखाली, आडव्या बांबूवरून सोडून, कपड्यांच्या चिमट्यांनी लावायच्या. हॅलोजनपासून त्या हातभर तरी लांब हव्यात.

थर्माकोल विसरा. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या आणि ताटा-वाट्यांच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि १ जुलै २०२२ पासून देशभरच सजावटीचं थर्माकोल, प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि पत्रिकांवर किंवा मिठाईच्या डब्यांवर गुंडाळायची पातळ फिल्म बंद झाली आहे. डेकोरेटर ‘सगळे वापरतात’ म्हणेल. तुम्ही कागदावर ‘थर्माकोल नाही’ असं लिहूनच आगाऊ रक्कम द्या.

४. पत्रिका

पत्रिका आता अर्ध्याहून जास्त लोकांना फोनवरच जाते, तेव्हा छापील प्रती घरांच्या आकड्यावरून, आणि त्यातही जवळच्यांपुरत्या काढा. देवापुढे ठेवायच्या, गावी न्यायच्या आणि विवाह नोंदणीला लागणाऱ्या प्रती वेगळ्या काढून ठेवा.

मजकूर दोन्हीकडच्या एकेका मोठ्या माणसाला वाचून दाखवा, मोठ्याने. नावं राहून जाणं, ‘कै.’ आणि ‘श्री.’ची अदलाबदल, मुहूर्ताची वेळ, कार्यालयाच्या दोन शाखांतली चुकीची शाखा: चुका याच चार जागी होतात. रिसेप्शनची वेळ ‘सायं. ७ पासून’ अशी मोघम नको, ‘सायं. ७ ते ९.३०’ अशी बांधलेली हवी. आहेर नको असेल तर तसं स्पष्ट छापा आणि मग खरोखरच कुणाकडूनही घेऊ नका. एकाकडून घेतला आणि दुसऱ्याला नाही म्हटलं, की दुखावलेलं माणूस वर्षभर लक्षात ठेवतं.

५. रिटर्न गिफ्ट: कमी, पण वापरात राहील असं

काचेची शोभेची वस्तू, नावं छापलेला मग, प्लास्टिकचा डबा यांतलं काहीही घेऊ नका. लोक ते पुढच्या कार्यात दुसऱ्याला देतात. निवडताना तीन कसोट्या लावा: पर्समध्ये किंवा पिशवीत मावतं का, दोन दिवस गाडीत राहिलं तर टिकतं का, आणि घरात रोज वापरात येतं का.

या कसोट्यांवर उतरणाऱ्या वस्तू आपल्याकडे भरपूर आहेत. मुळशीकडचा आंबेमोहोर पावशेर, कापडी पिशवीत. सांगलीची हळद. वेंगुर्ल्याचे काजू. सोलापुरी टॉवेल किंवा नॅपकिन. खणाचा बटवा. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी रंगीत फळं, ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांच्यासाठी. तांदूळ द्यायचे तर पिशवीत कडुनिंबाची दोन सुकी पानं टाका, टोके लागत नाहीत.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते तांब्याचं छोटं फुलपात्र. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून हातांनी मठारकाम करतात. भांडं पोलादी खुंट्यावर धरून हातोडीचा एकेक ठोका शेजारी शेजारी असा मारतात, की सगळ्या अंगावर बारीक खळगे उमटतात. त्याने पत्रा कडक होतो आणि उजेड प्रत्येक खळग्यात वेगळा चमकतो. यंत्रावर दाबलेल्या नक्षीत खळगे अगदी एकसारखे असतात, हातच्या कामात थोडे मागेपुढे. बोट फिरवलं की कळतं. हातकामाला वेळ लागतो, म्हणून ऑर्डर तीन-चार महिने आधी द्या आणि आधी एक नमुना करून घ्या. भरताना कोरड्या सुती फडक्याने पुसून, बोटं न लावता कागदात गुंडाळा. घामाच्या हाताचा ठसा तांब्यावर आठवड्याभरात काळा पडतो. सोबत चार ओळींची चिठ्ठी हवी: चिंच-मिठाने घासा, पाणी प्या, पण ताक, सरबत, लोणचं यात ठेवू नका.

संख्या माणसांवरून नाही, घरांवरून काढा आणि वर दहा टक्के धरा. वाटप प्रवेशद्वारावर कधीही नको, नाहीतर पाहुणा ते हातात धरूनच जेवतो आणि शेवटी खुर्चीखाली विसरतो. पानाच्या टेबलाशेजारी, बाहेर पडायच्या वाटेवर एक टेबल मांडा. तिथे दोन्हीकडच्या माणसांना ओळखणारे दोघे बसवा, एक तुमच्याकडचा आणि एक व्याह्यांकडचा. तेच हळदीकुंकू आणि गजरे बघतील.

६. जेवण

थीमवरचे पैसे कापावे लागले तर खुशाल कापा, जेवणावरचे कापू नका. पण पदार्थ वाढवणं म्हणजे चांगलं जेवण नाही. मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, पुरी, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, जिलेबी, मठ्ठा आणि शेवटी साधा वरणभात-तूप, एवढं गरम आणि वेळेवर मिळालं की लोक तृप्त होऊन जातात. संध्याकाळी बुफे असेल तर चार स्टॉल कमी करून पाण्याचे टेबल दोन वाढवा.

सकाळी निदान घरच्यांची आणि व्याह्यांची पंगत बसवा. पानाभोवती रांगोळी, डावीकडे मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. वाढप्यांना हा क्रम माहीत असतो, तरी केटररला आधी सांगून ठेवा, कारण नव्या मुलांकडून डावं-उजवं होतं. विहीणपंगतीला आग्रह करायला घरचीच माणसं उभी हवीत. वाढप्याच्या आग्रहात ती गोडी नाही.

केटररशी बोलताना या गोष्टी नक्की करा:

- किमान ताटं किती धरली आहेत, आणि जास्त लागली तर कोणत्या भावाने.
- मोजणी कशी: ताटं सुरुवातीला दोघांनी मिळून मोजायची, शेवटी उरलेली पुन्हा मोजायची. आपल्याकडून एक माणूस फक्त यासाठी.
- लहान मुलं, बँडवाले, फोटोग्राफर, ड्रायव्हर यांची ताटं कशी लावणार. त्यांना जेवायला कोण बसवणार, तेही ठरवा.
- अन्न सुरक्षा परवान्याची प्रत.
- उरलेलं अन्न: कुठल्या संस्थेला द्यायचं ते आधीच फोन करून ठरवा, आणि केटररला भांड्यांत उरलेलं वेगळं झाकून ठेवायला सांगा. रात्री अकराला शोधाशोध केली तर काही होत नाही.

चव घ्यायला जाताना घरी मागवू नका. त्या केटररच्या दुसऱ्या एखाद्या मोठ्या कार्यात, यजमानांच्या परवानगीने, शेवटच्या फेरीला जाऊन बघा. पहिल्या ताटाला सगळ्यांचंच जेवण चांगलं असतं.

७. रिसेप्शन: रांगेचा हिशेब

खरी आखणी इथे लागते. स्टेजवर किती फुलं लावली हे लोक विसरतात, पण शुभेच्छा द्यायला तासभर रांगेत उभं राहावं लागलं हे विसरत नाहीत.

हिशेब साधा आहे. १६५ घरं, प्रत्येकाला चढणं, नमस्कार, ओळख, फोटो, उतरणं मिळून एक मिनिट धरलं तर पावणेतीन तास होतात. अडीच तासांच्या समारंभात ते बसत नाही. त्यात वधू-वर तयार होऊन अर्धा तास उशिरा आले, की समारंभ संपेपर्यंत रांग हलतच नाही आणि लोक आधी जेवून घेतात. मग जेवणाची रांगही वाढते.

उपाय हे:

पहिला, तयारीची वेळ मागून मोजा. सातला स्टेजवर यायचं तर मेकअप साडेसहाला संपायला हवा, म्हणजे पार्लरवाल्या ताईंना तीनची वेळ द्या. दुपारची पंगत, झाल (मुलीला सासरच्यांच्या हाती सोपवण्याचा विधी) आणि थोडी विश्रांती याच्या आधी उरकायला हवी, म्हणून सकाळचा मुहूर्त साडेअकरा-बाराच्या पुढचा असेल तर रिसेप्शन साडेसातलाच ठेवा.

दुसरा, सकाळी जे आले त्यांचे फोटो सकाळीच संपवा. फोटोग्राफरला गटांची यादी लिहून द्या: आजोळ, काका-आत्या, शेजारी, मित्र. गट बोलावायला एक मोठ्या आवाजाचा भाऊ किंवा मामा नेमा. संध्याकाळची रांग त्याने निम्मी होते.

तिसरा, स्टेजला दोन्ही बाजूंनी पायऱ्या हव्यात. एकीकडून चढायचं, दुसरीकडून उतरायचं. पायऱ्यांची उंची आणि कठडा स्वतः चढून बघा. साडी नेसलेल्या साठीच्या बाईला तिथे चढता आलं पाहिजे. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे अशांना पहिल्या रांगेत बसवा आणि दर अर्ध्या तासाने वधू-वरांनी खाली उतरून त्यांना नमस्कार करावा. आमच्याकडे बहिणीने हे केलं, आणि पुढे कित्येक महिने ‘मुलगी खाली येऊन भेटली हो’ हेच आम्ही ऐकत होतो.

चौथा, वधूच्या बाजूला वराकडची एक आत्या किंवा काकू उभी करा आणि वराच्या बाजूला वधूकडची. समोर येणाऱ्याचं नाव आणि नातं ती हळूच सांगते. ओळख करून देण्यात जाणारा वेळ वाचतो आणि नवं माणूस अवघडत नाही.

पाचवा, पाकिटं स्टेजवर घेऊ नका. खाली कुलपाची पेटी, वही आणि भरवशाची दोन माणसं. वहीत नाव आणि गाव लिहा, पुढे त्यांच्या घरच्या कार्याला ती वही उपयोगी पडते. समारंभ संपताना पेटी तिथेच उघडून मोजायची नाही, घरी नेऊन उघडायची.

अक्षतांबद्दल एक विनंती. मंगलाष्टकांना मूठमूठ तांदूळ उधळून पायदळी जातात. प्रत्येकाच्या हातात चिमूटभर अक्षता आणि बाकी झेंडू-गुलाबाच्या पाकळ्या दिल्या, तर विधीही राहतो आणि अन्नही वाया जात नाही. गुरुजींना आधी सांगा, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात.

८. आवाज आणि गाणी

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. लॉनवर रिसेप्शन असेल तर वेळापत्रक याच्या आतच बसवा. वरात काढणार असाल तर पोलिस ठाण्यात आधी अर्ज द्या. गाण्यांच्या परवान्यासाठी कुणी पैसे मागितले तर माहीत असू द्या, की कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये विवाह-वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांना सूट आहे, आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये तसं स्पष्टही केलं आहे. त्या सूचनेची प्रत फोनमध्ये ठेवा.

सनई-चौघडा प्रत्यक्ष वाजवणारे मिळत असतील तर तेच बोलवा. आणि रिसेप्शनला आवाज इतकाच हवा की शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी बोलता येईल. बऱ्याच नातेवाइकांची वर्षातून एकदाच भेट होते.

९. एका पिशवीत ठेवायच्या गोष्टी

ही पिशवी नवरी-नवऱ्याकडे नको, एका शांत डोक्याच्या माणसाकडे द्या.

- कार्यालय, केटरर, डेकोरेटर, फोटोग्राफर यांच्या पावत्या आणि ठरलेल्या अटींचा कागद
- द्यायच्या उरलेल्या रकमा, वेगवेगळ्या पाकिटांत, वर नाव लिहून
- गुरुजींनी दिलेली साहित्याची यादी, मुंडावळ्या, अंतरपाट, मंगळसूत्र कुणाकडे आहे त्याची नोंद
- सुईदोरा, सेफ्टी पिना, कात्री, सेलोटेप, डोकेदुखीची आणि पोटाची गोळी, सुटे पैसे
- फोन नंबरांची छापील यादी, कारण फोन त्या दिवशी हमखास बंद पडतो
- विवाह नोंदणीचा अर्ज

शेवटच्या कागदाकडे बहुतेक घरं दुर्लक्ष करतात. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते आणि ती लग्नापासून ९० दिवसांच्या आत करणं सोयीचं. अर्जावर वधू-वर, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी यांच्या सह्या लागतात. सोबत वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, साक्षीदारांची ओळखपत्रं, लग्नविधीचा फोटो आणि पत्रिका. सगळी माणसं एकत्र सापडतात ती फक्त कार्यालयात. तेव्हा अर्ज आधीच भरून न्या आणि जेवणं झाल्यावर, गुरुजी दक्षिणा घेऊन निघायच्या आत त्यांची सही, पूर्ण नाव आणि पत्ता घ्या. साक्षीदारही तिथेच बसवा.